सीमाताई सांगेल ते खरं

सीमा घाडीगावकर आणि मी एकाच संघात खेळलो. ती डाव्या कोपऱ्यात, मी उजव्या. कबड्डी ज्यांनी लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. समोरची मुलगी चढाईला आली की तिला आत येऊ द्यायचं आणि तिची परतीची वाट बंद करायची, हे कोपऱ्यातल्या दोघींचं काम. मी कमरेला मिठी मारायचे, सीमा घोटा धरायची. ती जमिनीवर कधी पडली हे समोरच्या मुलीला कळायच्या आत घोटा हिच्या हातात असायचा. परळ-लालबागच्या मैदानांवर मुली चढाईला आल्या की डावीकडं फिरकायच्याच नाहीत, एवढी तिची धास्ती.

राज्याकडून ती बरीच वर्षं खेळली. एकदा भारताच्या शिबिरालाही गेली. शेवटच्या निवडीत नाव आलं नाही. का आलं नाही, ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. परत आली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर हजर. पुढं चिपळूणच्या एका स्पर्धेत गुडघा गेला आणि खेळणं संपलं. बायकांच्या स्पर्धांत तेव्हा पहिलं बक्षीस म्हणजे स्टीलचा डिनर सेट, फार तर मिक्सर. पुरुषांना त्याच मैदानावर मोटरसायकल. सीमाची आई, सुमतीकाकू, हे सेट एकेक करून नात्यातल्या लग्नांत आहेर म्हणून देत गेल्या, म्हणून घरात पाय ठेवायला जागा राहिली, असं सीमा हसत सांगायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, राहून गेलं.

खेळामुळे विमा कंपनीत नोकरी मिळाली होती. ऑफिस फोर्टला. ऑफिस सुटलं की ती थेट परळच्या मैदानावर येऊन आमच्या कबड्डी मंडळाच्या मुलींना शिकवायची. मीही जमेल तशी जायचे.

पुरुषांची व्यावसायिक लीग सुरू झाली, कबड्डी टीव्हीवर दिसायला लागली, आणि आमच्या भागातली पोरं वेगळीच स्वप्नं बघायला लागली. त्याच सुमारास प्रभादेवीच्या एका स्पर्धेत आम्ही दोघी पुढच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सीमाला सवय होती, सामना बघताना हळू आवाजात मला सांगत राहायची. आता हा उजवीकडं जाईल. आता हा बोनस गुणाच्या मागे लागेल आणि धरला जाईल. तसंच व्हायचं. आमच्या मागे एक चष्मेवाला गृहस्थ बसला होता. मध्यंतरात त्यानं पुढं वाकून विचारलं, तुम्हांला आधी कसं कळतं? सीमा म्हणाली, पोरगा समोर बघतो, पण त्याचा मागचा पाय खोटं बोलत नाही.

तो अभय कीर्तिकर. दादरचा, शिकलेला माणूस, लीगमधल्या एका संघासाठी नवे खेळाडू हेरायचं काम करायचा. त्यानं सीमाला सोबत घेतलं. शनिवार-रविवार ती मैदानं पालथी घालायची, एखाद्या पोराला दोन-तीन सामन्यांत बघायची आणि अभयला सांगायची, होईल, किंवा नाही होणार. मधलं काही नाही. पोरानं स्वतः येऊन विचारलं तर त्यालाही तोंडावर तेच. वरळी कोळीवाड्यातल्या एका पोराचा मामा सुरमई घेऊन तिच्या घरी आला होता. तिनं सुरमई परत पाठवली आणि पोराला बोलावून घेतलं. त्याला म्हणाली, तुझी ताकद आहे, पण दम उतरला की तू डोळे मिटतोस, नाही होणार. पोरगा तिच्यासमोरच रडला. पण पुढच्या आठवड्यात त्याच मामाच्या बोटीवर गेला, आणि दिवाळीत तिच्या पाया पडून गेला. खोट्या आशेवर वर्षं घालवलेली पोरं गिरणगावात थोडी नव्हती. त्यामुळे तिच्या तोंडचं ‘नाही’ लोकांना कडू लागलं तरी पटायचं. सीमाताई सांगेल ते खरं, असं म्हणायचे.

क्षितिजा धुरी आमच्याकडं आली तेव्हा शाळेत होती. खो-खो खेळायची, काटकुळी, लांब हातांची. वडील रघु धुरी शाळेची बस चालवायचे, आई लक्ष्मी परळच्याच एका मोठ्या इस्पितळात आया. करी रोडला घर. पहिल्या दिवशी सीमानं तिला सहज चढाईला पाठवलं. समोर आमच्या मोठ्या मुली होत्या. ती आत गेली आणि मधोमध उभी राहिली. नुसती उभी. चढाईत श्वास मोजका असतो, तिथं उभं राहायला कुणाची छाती होत नाही. ही राहिली. समोरच्या मुली गोंधळल्या, एकीनं घाईनं पाऊल टाकलं, आणि ही तिच्या पायाला अंगठा लावून कधी परत आली ते कुणाला समजलं नाही. सीमा माझ्याकडं न बघता म्हणाली, माया, बघितलंस?

त्यानंतरची तीन वर्षं सीमाच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली होती असं मला वाटतं. पोरगी झपाट्यानं वाढली. दोघींनी हात धरून साखळी केली, वाट बंद झाली, की ती त्या हातांच्या खालून सुळकन निघायची. कुमारी गटात राज्याकडून खेळली, पदक घेऊन आली. एकदा सरावात सीमानं गुडघ्याला पट्टा बांधला आणि स्वतः डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. म्हणाली, ये, मला बघू दे. क्षितिजा आली, थांबली. सीमानं झेप घेतली ती तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, जमिनीला घासून, आणि तिच्या हातात नुसती हवा आली. पोरगी मध्यरेषेपलीकडं पोचली होती. सीमा मॅटवर पालथी पडून हसत होती. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्या मुली आधी घाबरल्या आणि मग त्याही हसायला लागल्या. इतक्या वर्षांत तिला कुणी असं चुकवलं नव्हतं.

रघु धुरी प्रत्येक सामन्याला यायचे. जाळीमागं उभे राहायचे, टाळी वाजवायचे नाहीत, फक्त पोरगी परत आली की श्वास सोडायचे. ते स्वतः गावाकडं, मालवणाजवळ, मातीत कबड्डी खेळलेले. लक्ष्मी येत नसे. इस्पितळात तिची पाळी असायची, आणि तिचं मन वेगळ्या गोष्टीवर होतं. जन्मभर ती सिस्टर लोकांच्या हाताखाली राबली होती. आपली मुलगी सिस्टर व्हावी, पांढऱ्या कपड्यांत वॉर्डाच्या टेबलामागं बसलेली दिसावी, एवढंच तिला हवं होतं.

बारावीला क्षितिजाला चांगले गुण पडले. नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला, हॉस्टेलसकट. तिथं गेली तर सराव संपला, कारण पहिल्या वर्षापासून वॉर्डातल्या पाळ्या. दोन दिवसांत प्रवेश पक्का करायचा होता. रघु सीमाला भेटायला मैदानावर आले. चपला बाहेर काढून, मॅटच्या कडेला उभे राहून त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमी पोरांचा सांगतास, होतला की नाय. आमच्या चेडवाचा सांगा. तुमी होतला म्हणालात तर मी तिच्या आवशीक समजावतंय.”

सीमा म्हणाली, उद्या घरी येऊन सांगते.

तिनं आधी अभयला फोन केला. क्षितिजाबद्दल तिनं त्याला पूर्वीच सांगितलं होतं. आता सरळ विचारलं, मुलींची लीग कधी होणार? अभय खोटं आश्वासन देणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, दर वर्षी बोलणी होतात, दर वर्षी बारगळतात, पुढची कित्येक वर्षं तरी मला काही दिसत नाही. मग त्यानं विचारलं, ती मुलगा असती तर? सीमा म्हणाली, मुलगा असता तर या वर्षी तुमच्या संघात असता.

मग ती माझ्याकडं आली. आमच्या गॅलरीत उभी राहून बराच वेळ खाली बघत राहिली. हिच्यापुढं काय आहे, असं ती मला नाही, स्वतःलाच विचारत होती. अजून पाच-सहा वर्षं खेळेल. नशीब असेल तर खेळाडूंच्या जागेवर कुठंतरी नोकरी, आणि त्या जागाही आता निघत नाहीत. एखाद्या स्पर्धेत गुडघा किंवा खांदा जाईल. तेव्हा हातात शिक्षणही नसेल आणि खेळही नसेल. मी म्हटलं, तू पोरगी कशी आहे तेवढं सांग, पुढचं त्यांना ठरवू दे. 

दुसऱ्या दिवशी ती करी रोडला गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला सांगितलं, पुढंही कितीदा तरी सांगितलं, दर वेळी शब्दाला शब्द तेच.

धुरींच्या खोलीत तिघंही होते. लक्ष्मीनं चहा ठेवला. सीमानं उगाच लांबण लावली नाही. म्हणाली, नर्सिंगला जा. लक्ष्मीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रघु खाली बघायला लागले. क्षितिजा पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं विचारलं, “ताई, मुलींना पुढं काही नाही म्हणून सांगताय, की मी कमी पडते म्हणून?”

सीमाला खरं उत्तर माहीत होतं. हेही तिला माहीत होतं की तिनं खरं सांगितलं तर ही पोरगी उठून मैदानाकडं चालू लागेल आणि आईबापांचं कुणाचंच ऐकणार नाही. कारण सीमानं होईल म्हटलं की ते होतंच, हे तीही ऐकत आली होती.

“तू कमी पडतेस,” सीमा म्हणाली. “इथं सगळ्यांना भारी आहेस. वरच्या पातळीवर कमी पडशील.”

“कशात?”

“ते आतून असावं लागतं, क्षिती. शिकवून येत नाही.”

पोरीनं मान हलवली. वाद नाही, रडणं नाही. आत गेली आणि सीमासाठी बशीत खारी घेऊन आली. सीमानं ती खाल्ली. रघु तिला खालपर्यंत सोडायला आले. कोपऱ्यावर हात जोडून म्हणाले, “बरा केलास, मॅडम. खरा सांगितलास.”

मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर भडकले. म्हटलं, तू, तू खोटं सांगितलंस? त्या पोरीला? ती म्हणाली, “चांगली आहेस म्हटलं असतं तर तिनं सगळं सोडलं असतं. मग मी तिला काय दाखवणार होते, माझा गुडघा?”  

क्षितिजा हॉस्टेलला गेली. मंडळाची जर्सी तिनं धुऊन, इस्त्री करून मैत्रिणीच्या हाती पाठवून दिली. मैदानावर परत आली नाही. हॉस्टेल मैदानापासून दहा मिनिटांवर, पण ती वाट बदलून जायची, असं मुली सांगायच्या. सीमा नेहमीसारखी शिकवत राहिली. फक्त चढाई शिकवताना ती आता मुलींना मधोमध थांबायला सांगत नसे. थांबू नका, चालत राहा, म्हणायची. एका मुलीनं क्षितिजासारखं उभं राहून बघितलं तेव्हा तिच्यावर विनाकारण ओरडली आणि मग तिलाच वडापाव खायला घेऊन गेली.

क्षितिजा तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा अभयचा फोन आला. मुलींची लीग ठरली होती. पैसे लावणारी माणसं मिळाली होती, तारखा पक्क्या झाल्या होत्या, त्याच्या कंपनीनं मुलींचाही संघ घेतला होता. तो आनंदात होता. म्हणाला, सीमाताई, पहिली चढाईपटू मी ठरवून टाकली आहे, तुमची ती धुरी. कुठं असते आता?

सीमा त्या वेळी माझ्या घरीच होती. तिनं फोन खाली ठेवला आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली. मी विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं.  मी म्हटलं, अगं, वेळ गेलेली नाही. पोरगी एकवीस वर्षांची आहे. तिला सांग.

इस्पितळाच्या आवारात एक बाक आहे, तिथं दोघी भेटल्या. क्षितिजा पाळी संपवून आली होती, युनिफॉर्मवर घड्याळ टाचलेलं, केस जाळीत बांधलेले. अंगानं भरली होती थोडी. तिनं सीमाच्या गुडघ्याची चौकशी केली. चालताना कुठला पाय आधी टाकता ते विचारलं. सीमानं आधी लीगचं सांगितलं. क्षितिजा हसली आणि म्हणाली, छान झालं, आपल्या ज्युनिअर मुलींना संधी मिळेल. तेव्हा सीमानं ते दुसरं सांगितलं. मी त्या दिवशी खोटं बोलले. तू कमी नव्हतीस. मी बघितलेल्यांत तुझ्यासारखी कुणी नव्हती.

क्षितिजानं फक्त विचारलं, “तुम्ही?”

सीमा म्हणायची, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण तो एक शब्द मला गिळता आला नाही.

मग पोरगी बोलली. म्हणाली, पहिलं वर्षभर मला रोज वाटायचं की पळून मैदानावर यावं. हॉस्टेलच्या गच्चीवर एकटी चढाई करायचे. मग मी स्वतःला सांगायचे, ताई म्हणाल्या नाही, म्हणजे नाहीच. तुम्ही कुणाचं मन राखायला बोलत नाही, हे मला माहीत होतं. हळूहळू मन गप्प झालं. “त्या एका गोष्टीवर मला झोप लागत होती, ताई.”

सीमानं माफी मागितली.  क्षितिजानं युनिफॉर्मवरचं घड्याळ बघितलं आणि विचारलं, निवड चाचणी कधी आहे?

दोन महिने होते. ती सकाळी यायला लागली, कधी रात्रपाळी उतरून, कधी पाळीच्या आधी. आईला सांगितलं नव्हतं. रघुंना सांगितलं होतं, आणि ते बस शाळेत लावून धावत यायचे, पूर्वीसारखेच जाळीमागं उभे. तिच्यासमोर सराव करायला सीमानं मोठ्या मुली गोळा केल्या. कोणी कमी पडलं तर उजव्या कोपऱ्यात मी उभी राहायचे, या वयात. पहिल्या आठवड्यात पोरीला ओकारी आली. पेशंट उचलून तिची कंबर आखडली होती. पण महिन्याभरात दम परत आला, पाय हलके झाले. सीमा तिच्यासाठी घरून उकडलेली अंडी आणायची आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहायची. दोघी पुन्हा थोड्या हसायला लागल्या होत्या. मला वाटलं, जमतंय. रघुंनाही वाटलं. एके दिवशी त्यांनी मला हळूच सांगितलं, चाचणी झाली की तिच्या आईला मीच सांगणार आहे.

सीमा मात्र काही म्हणत नव्हती. बघत होती.

चाचणी माटुंग्याच्या एका बंदिस्त हॉलमध्ये होती. ठिकठिकाणच्या मुली आल्या होत्या. अभय टेबलाशी बसला होता, शेजारी सीमा. मी आणि रघु मागच्या बाकावर. क्षितिजाचं नाव पुकारलं. ती आत गेली, मधोमध थांबली, अगदी पूर्वीसारखी. समोरच्या दोघींनी हात धरून साखळी केली. पूर्वी ती इथं खाली वाकून निघाली असती. ती वळली. सुखरूप परत आली.

दुसरी चढाई, तेच. तिसरी, चौथी. चपळ होती, सावध होती. कुणीही तिला धरू शकलं नाही. पण तिनंही कुणाला शिवलं नाही. जिथं घुसायचं तिथं ती अर्धं पाऊल आधी मागे फिरत होती. त्या अर्ध्या पावलाला अंगाचं कारण नव्हतं, अंग तर दोन महिन्यांत आलं होतं. मला ते शेवटच्या चढाईपर्यंत कळलं नाही. सीमाला पहिल्याच चढाईत कळलं असणार, कारण त्यानंतर तिनं टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले आणि तसेच ठेवले.

अभयनं तिला विचारलं, राखीव खेळाडूंत ठेवू या का? सावध आहे, अनुभव मिळेल. सीमा म्हणाली, थोडं थांबा, आधी तिच्याशी बोलते.

हॉलच्या बाहेर पायऱ्या आहेत. क्षितिजा तिथं बूट सोडत बसली होती. रघु पाण्याची बाटली धरून बाजूला उभे, मी दारात. सीमा तिच्या शेजारी बसली. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय लांब करून.

“सांगा,” क्षितिजा म्हणाली.

“नाही होणार.”

“आता खरं सांगताय?”

“हो.”

क्षितिजानं एक बूट काढला, तो दुसऱ्याच्या शेजारी नीट ठेवला. मग तिनं विचारलं, “तेव्हा झालं असतं?”

सीमानं त्या बुटांकडं बघितलं.

“तेव्हा झालं असतं,” ती म्हणाली.

रघुंनी तोंड फिरवलं. पोरगी चपला घालून उठली, वडिलांच्या हातून बाटली घेतली, पाणी प्यायली. म्हणाली, मला दुपारची ड्यूटी आहे, निघते. जाताना तिनं सीमाला हात देऊन उठवलं, अगदी हलक्या हातानं, पेशंटला उठवतात तसं, काखेत आधार देऊन. आणि गेली. रघु तिच्या मागं गेले. सीमा तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. नंतर मला म्हणाली, हिला मी काय शिकवलं, माहीत आहे? कमी पडायचं कसं ते शिकवलं. तिनं तेही नीट शिकून घेतलं.

त्या दिवसानंतर तिनं अभयचं काम सोडलं. त्यानं पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, मला आता दिसत नाही. हे मात्र खरं नव्हतं. मुलींच्या लीगचे सामने मंडळाच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर लागायचे, ती मागच्या रांगेत बसून प्रत्येक सामना शेवटपर्यंत बघायची. पण मला काही सांगायची नाही. पुढं काय होणार ते मी विचारलं तरी नाही. मैदानावर कुणाच्या आईनं विचारलं, आमच्या मुलीचं काय, तर म्हणायची, माया, तू सांग. मी काय सांगणार? मी म्हणायचे, येऊ दे रोज.

क्षितिजाचं शिक्षण पूर्ण झालं. हाडांच्या वॉर्डात लागली. चांगली सिस्टर आहे, असं मुली सांगायच्या. मंडळातल्या एकीचा खांदा निखळला होता, तिला तिनंच बघितलं, पण मैदानाचं नाव काढलं नाही. सीमा दोनदा इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली. आत गेली नाही. हे तिनं मला सांगितलेलं नाही, मी पाहिलं आहे.

गेल्या मार्गशीर्षाआधी एका रविवारी आम्ही दोघी लालबागला मासळी घ्यायला गेलो होतो. लक्ष्मी धुरी समोरून आली. छान दिसत होती, अंगावर नवी साडी, हातात भरलेली पिशवी. सीमाला बघून तिनं पिशवी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. क्षितिजा मस्कतला गेली होती, गेल्याच महिन्यात. तिथल्या मोठ्या इस्पितळात, राहायला जागासुद्धा त्यांचीच. लक्ष्मी सांगत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. चाचणीचं, त्या दोन महिन्यांचं, त्या पायऱ्यांचं तिला काहीच माहीत नव्हतं. बापलेकीनं तिला कधी सांगितलं नव्हतं.

“तुमी तेवा खरा सांगितलात म्हणान झाला ह्या सगळा,” ती म्हणाली. “नायतर ती आयकणारी नव्हती. देवाच्या जागी तुमी.” मग तिनं विचारलं, “जाण्याआधी तुमका फोन केल्यान ना तिना?”

मी सीमाकडं बघितलं. मला माहीत होतं, फोन आला नव्हता. त्या पायऱ्यांनंतर कधीच आला नव्हता.

“केला होता,” सीमा म्हणाली. “खूप वेळ बोललो आम्ही.”

लक्ष्मी समाधानानं हसली. सीमा नको म्हणत होती तरी तिनं ऐकलंच नाही, कोळणीसमोर बसून स्वतः निवडून ताजे बांगडे घेतले आणि सीमाच्या पिशवीत घातले. रघु बरे आहेत, अजून बस चालवतात, म्हणाली. मग घाईनं निघाली, घरी पाहुणे होते.

आम्ही चिवडा गल्लीच्या बाजूनं परत चाललो. सीमा पाय ओढत चालत होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत. मी मागितली तर दिली नाही. नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, “मस्कतला आत्ता किती वाजले असतील गं?”

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आपल्यापेक्षा थोडे मागे असतील. सिग्नल सुटला, आणि आम्ही रस्ता ओलांडला.